सूज, जी बरे होण्याची खूण होती : एड्स, डोळा आणि कल्याण ते भायखळा

१/
१९९७ च्या आसपास अमेरिकेतील नेत्रचिकित्सकांपुढे एक विलक्षण कोडे उभे राहिले. वर्षभरापूर्वी मृत्यूच्या दारात असलेले एड्सचे काही रुग्ण नव्या औषधांनी सावरले होते. ताप गेला होता, वजन वाढले होते, रक्तातील विषाणूचे प्रमाण कमालीचे घटले होते. आणि नेमक्या याच काळात त्यांची नजर धूसर होऊ लागली. तपासणीत दिसले ते असे : डोळ्याच्या आत दाह आणि दृष्टिपटलाच्या मध्यभागी सूज. सारे शरीर बरे होत असताना डोळाच का बिघडावा?

२/
आजचा हा दीर्घ धागा त्या कोड्याचा इतिहास सांगतो. परंतु तेवढाच नाही. कोड्याचे उत्तर प्रयोगशाळेत सापडले, तरी ते ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या माणसापर्यंत पोहोचायला किती वर्षे, किती किलोमीटर आणि किती रुपये लागले, हाही इतिहासाचाच प्रश्न आहे. वाचकहो, विषय वैद्यकाचा असला तरी वाट इतिहासाचीच आहे. सावकाश चालू या.

३/
आधी थोडी शरीररचना. डोळ्याच्या आतल्या मागच्या भिंतीवर दृष्टिपटल असते; प्रकाशाचे रूपांतर संदेशात करणारा हा पातळ पडदा. त्याच्या केंद्राशी पीतबिंदू असतो. वाचणे, चेहरा ओळखणे, सुईत दोरा ओवणे ही सारी कामे त्याची. पडद्याच्या पुढची पोकळी काचाभ द्रवाने, म्हणजे पारदर्शक जेलीसारख्या पदार्थाने भरलेली असते. डोळ्याच्या मधल्या, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या थराच्या दाहाला युव्हायटिस म्हणतात. हा दाह वाढला की रक्तवाहिन्या झिरपू लागतात आणि पीतबिंदूत पाणी साचते. हीच ती सूज.

४/
५ जून १९८१. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांविषयी एक छोटे टिपण छापून आले. पाचही जणांना एक दुर्मीळ न्यूमोनिया झाला होता. एड्सच्या इतिहासाचा आरंभ येथून मानतात. त्या टिपणातील दुसऱ्या एका नोंदीकडे मात्र सहसा कोणी लक्ष देत नाही : पाचही जणांत सायटोमेगॅलो नावाच्या विषाणूच्या संसर्गाचा पुरावा होता. आपल्या कहाणीतील खलनायक असा पहिल्याच पानावर हजर आहे.

५/
पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, लॉस एंजेलिसचे नेत्रतज्ज्ञ गॅरी हॉलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नव्या आजारातील डोळ्यांच्या विकारांचे वर्णन प्रसिद्ध केले. रोगाला कारण ठरणारा एचआयव्ही अजून कोणी पाहिलेलाही नव्हता. तो १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत सापडला. म्हणजे कारण कळण्याआधीच त्याच्या खुणा दृष्टिपटलावर वाचल्या जात होत्या. काही खुणा निरुपद्रवी होत्या, कापसाच्या बोळ्यासारखे पांढरे ठिपके. काही मात्र दृष्टी गिळणाऱ्या होत्या.

६/
सायटोमेगॅलो विषाणू, संक्षेपाने सीएमव्ही, हा कांजिण्यांच्या विषाणूचा भाऊबंद. तो बाधित पेशींना फुगवून मोठे करतो, म्हणून हे नाव. आपल्यापैकी बहुतेकांच्या शरीरात तो बालपणीच शिरतो आणि जन्मभर निमूट पडून राहतो. पहारा करतात त्या सीडी-४ पेशी. निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात त्या साधारण ५०० ते १५०० असतात. एचआयव्ही याच पहारेकऱ्यांना मारतो. संख्या ५० च्या खाली आली की सीएमव्ही जागा होतो आणि दृष्टिपटल जाळू लागतो. जाळणे हा शब्द अलंकाराचा नाही. गवताला लागलेला वणवा जसा कडेने पसरतो, तसाच हा व्रण पसरतो.

७/
या रोगाची सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे त्याची शांतता. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, पाणी येत नाही. नजरेपुढे काळे ठिपके तरंगतात, कडेला सावली येते, बस्स. कारण असे की लाली आणि वेदना ही प्रतिकाराची लक्षणे आहेत, आणि प्रतिकार करायला कोणी उरलेलेच नसते. एरवी नेत्रचिकित्सकाला दाह हा शत्रू वाटतो. एड्सच्या शेवटच्या टप्प्यात दाहाचा अभाव हीच अशुभ खूण होती. हे वाक्य ध्यानात ठेवा; कोड्याची किल्ली त्यातच आहे.

८/
एड्सवर प्रभावी उपचार नसलेल्या त्या काळात अमेरिकेतील सुमारे ३० टक्के रुग्णांना केव्हा ना केव्हा हा दृष्टिपटलदाह होत असे. उपचाराविना व्रण दोन-तीन आठवड्यांतच पुढे सरके. पहिले मान्यताप्राप्त औषध आले जून १९८९ मध्ये, गॅन्सायक्लोव्हिर. ते शिरेवाटे द्यावे लागे. आधी दिवसातून दोनदा, मग रोज, जिवंत असेपर्यंत. त्याने अस्थिमज्जा खचत असे. १९९१ मध्ये दुसरे औषध आले, फॉस्कार्नेट. ते मूत्रपिंडांवर घाव घाली. डोळा वाचवायचा तर शरीराचा कोणता भाग पणाला लावायचा, अशी ती निवड होती.

९/
या दोन औषधांची तुलना करणारा मोठा अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. डोळ्याच्या बाबतीत दोन्ही औषधे सारखीच निघाली. आयुष्याच्या बाबतीत मात्र फॉस्कार्नेट घेणारे मध्यमानाने १२.६ महिने जगले आणि गॅन्सायक्लोव्हिर घेणारे ८.५ महिने. हे आकडे पुन्हा वाचा. उत्तमोत्तम रुग्णालयांत, उत्तमोत्तम औषधांनी, प्रश्न होता तो एक वर्ष की आठ महिने एवढाच. त्या काळी नेत्रतज्ज्ञाचे उद्दिष्ट साधे होते : हा माणूस जितके दिवस जगेल तितके दिवस त्याला दिसत राहावे.

१०/
मग औषध थेट डोळ्यात देण्याची युक्ती निघाली. १९८७ मध्येच काचाभ द्रवात गॅन्सायक्लोव्हिर टोचल्याची नोंद प्रसिद्ध झाली होती. १९९६ मध्ये डोळ्यात शिवून बसवायची एक चकती मान्य झाली. ती सात-आठ महिने थेंबाथेंबाने औषध सोडत राही. १९९४ च्या चाचणीत ही चकती बसवलेल्या डोळ्यांत रोग पुढे सरकायला मध्यमानाने २२६ दिवस लागले. उपचार लांबवलेल्या डोळ्यांत अवघे १५. रक्त आणि मूत्रपिंडे वाचली. पण चकती दुसऱ्या डोळ्याचे रक्षण करत नसे आणि उरलेल्या शरीराचेही नाही.

११/
आता भारताकडे वळू. १९८६ मध्ये मद्रास वैद्यकीय महाविद्यालयातील एका प्राध्यापिकेने आपल्या विद्यार्थिनीला, सेल्लप्पन निर्मला यांना, एचआयव्हीच्या शोधाचा विषय दिला. निर्मला यांनी गोळा केलेले रक्ताचे नमुने वेल्लोरला तपासले गेले आणि त्यांतील सहा बाधित निघाले. भारतात एचआयव्ही असल्याचा हा पहिला ठोस पुरावा. त्या प्राध्यापिका म्हणजे डॉ. सुनीती सोलोमन, माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबातल्या. १९९३ मध्ये त्यांनी वाय. आर. गायतोंडे यांच्या नावाने एड्स संशोधन आणि शिक्षण केंद्र उभारले. पुढे या कहाणीत ते पुन्हा भेटेल.

१२/
मुंबईतही १९८६ पासूनच या आजाराशी गाठ पडली. जे. जे. रुग्णालयात डॉ. ईश्वर गिलाडा यांनी एड्ससाठीचे देशातील पहिले बाह्यरुग्ण दालन सुरू केले. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, अर्थात नॅको, स्थापन झाली आणि त्याच वर्षी पुण्याजवळ भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली. पुढे महाराष्ट्राची गणना उच्च प्रादुर्भावाच्या सहा राज्यांत झाली.

१३/
ठाणे जिल्ह्याचे स्थान या नकाशावर विशेष नाजूक होते. मुंबई–आग्रा महामार्ग येथून जातो. भिवंडीचे यंत्रमाग आणि गोदामे, कल्याणचे रेल्वे जंक्शन, डोंबिवली–अंबरनाथच्या औद्योगिक वसाहती यांमुळे घरापासून दूर राहून कष्ट करणाऱ्यांची येथे अखंड ये-जा. २०११ च्या जनगणनेत अविभाजित ठाणे हा देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता, एक कोटी दहा लाखांहून अधिक. एवढ्या लोकसंख्येला गंभीर आजारात दीर्घकाळ आधार होता तो मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांचाच. वाट ठरलेली : लोकल पकडायची आणि भायखळ्याला उतरून जे. जे. गाठायचे. कल्याणहून साधारण पन्नास किलोमीटर.

१४/
आपल्याकडे आणखी एक अडचण होती, क्षयरोगाची. अमेरिकेतील रुग्ण सीडी-४ अगदी तळाला जाईपर्यंत जगत आणि मग सीएमव्ही त्यांना गाठी. भारतात क्षयाने अनेकांचा बळी त्याआधीच घेतला. शिवाय क्षय स्वतःही डोळ्यात शिरतो; दृष्टिपटलामागच्या थरात गाठी करतो, युव्हायटिस करतो. उपदंशही तेच करतो, टॉक्सोप्लाझ्माही तेच करतो. एकाच लक्षणामागे चार-पाच संशयित, आणि प्रत्येकाचे औषध निराळे.

१५/
येथे उपचारातील सर्वांत मोठा धोका समजून घ्यायला हवा. १९५० च्या सुमारास कॉर्टिसोन नेत्रचिकित्सेत आल्यापासून डोळ्यातील दाहावर स्टेरॉइड हा जणू प्रतिक्षिप्त उपाय झाला होता. निरोगी प्रतिकारशक्तीच्या माणसात तो बहुधा चालून जातो. परंतु एड्समध्ये, दाहामागे क्षय, उपदंश किंवा टॉक्सोप्लाझ्मा दडला असेल, तर नुसते स्टेरॉइड म्हणजे पहारेकऱ्यांना हाकलून चोराला दार उघडून देणे. म्हणून क्रम असा ठरला : आधी जंतू शोधा, जंतूवर औषध सुरू करा, आणि मगच सुजेला हात लावा. आजही हाच क्रम आहे.

१६/
चेन्नईच्या शंकर नेत्रालयातील डॉ. ज्योतिर्मय बिस्वास यांनी सुनीती सोलोमन आणि डॉ. एन. कुमारसामी यांच्या साथीने एचआयव्ही झालेल्या शंभर भारतीय रुग्णांच्या डोळ्यांची मालिका २००० मध्ये प्रसिद्ध केली. डोळ्यातील संधिसाधू संसर्गांत सीएमव्हीच अग्रस्थानी होता. म्हणजे क्षयाच्या तडाख्यातून वाचलेल्यांना अखेर तोच गाठत होता, आणि शिरेवाटे गॅन्सायक्लोव्हिर हे तेव्हा सामान्य भारतीय कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे औषध होते. गायतोंडे यांच्या नावाचे केंद्र येथे पुन्हा भेटले. या शोधनिबंधामागे त्याच केंद्राचे अनेक वर्षांचे काम होते.

१७/
दरम्यान १९९६ उजाडले. तीन औषधे एकत्र दिली तर एचआयव्हीची वाढ जवळपास थांबते, हे त्या वर्षी जुलैत व्हँकुव्हरच्या परिषदेत जगापुढे ठळकपणे आले. या संयुक्त उपचारालाच आपण आज एआरटी म्हणतो. मरणपंथाला लागलेली माणसे कामावर परतू लागली. अमेरिकेत सीएमव्ही दृष्टिपटलदाहाचे नवे रुग्ण काही वर्षांतच तीन-चतुर्थांशांहून अधिक घटले. एका पिढीचे नेत्रतज्ज्ञ ज्या आजाराशी झगडत होते, तो ओसरू लागला. आणि तेव्हाच पहिल्या परिच्छेदातले कोडे समोर आले.

१८/
सॅन डिएगो येथील मारिएटा काराव्हेलास, विल्यम फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी, तसेच मायकेल झेगन्स यांच्या गटाने, १९९८ मध्ये त्याचे उत्तर मांडले. या रुग्णांच्या डोळ्यातला सीएमव्ही शांत झालेला होता. व्रणाची जागा भरून आली होती. पण त्या जागी विषाणूचे अवशेष उरले होते. एआरटीमुळे परतलेल्या पहारेकऱ्यांनी ते अवशेष ओळखले आणि हल्ला चढवला. आधी जो दाह नव्हता, तो आता उसळला. या विकाराला प्रतिकारशक्ती परतल्यानंतरचा युव्हायटिस असे नाव पडले. ती सूज रोगाची नव्हती. ती बरे होण्याची खूण होती.

१९/
परंतु खूण शुभ असली तरी डोळ्याला तिची किंमत मोजावी लागते. काचाभ द्रवात पेशींचा गढूळपणा येतो. पीतबिंदूच्या थरांत पाणी साचून फुलाच्या पाकळ्यांसारखी आकृती उमटते. त्यावर पातळ पापुद्रा धरतो, दृष्टिपटल सुरकुततो, पुढे मोतीबिंदू होतो. पूर्वी शिरेत रंगद्रव्य टोचून छायाचित्रे काढत आणि ती पाकळ्यांची आकृती पाहत. १९९१ मध्ये प्रथम वर्णिलेल्या ओसीटी या प्रकाशतंत्राने पुढे ही सूज मायक्रॉनमध्ये मोजता येऊ लागली, तीही सुई न टोचता. मरणाच्या भीतीतून सुटलेला माणूस आता आंधळेपणाच्या भीतीत सापडला.

२०/
सर्वांनाच हा दाह होतो का? सुरुवातीच्या एका मालिकेत निम्म्याहून अधिक रुग्णांना झाला. नंतरच्या मोठ्या अभ्यासात तो दहापैकी एकाच्या आसपास आढळला. एवढी तफावत का, याच्या शोधातून तीन गोष्टी पुढे आल्या. व्रणाने दृष्टिपटलाचा चौथा हिस्सा किंवा अधिक व्यापला असेल तर धोका जास्त. सिडोफोव्हिर हे १९९६ चे औषध, जे स्वतःच डोळ्यात दाह करते, ते दिले असेल तर धोका जास्त. आणि प्रतिकारशक्ती परतण्याआधी सीएमव्हीवर नेटाने उपचार झाले असतील तर धोका कमी. तिसरा मुद्दा आपल्यासाठी सर्वांत मोलाचा. व्रण लहान असतानाच शोधला, तर नंतरची सूजही टळू शकते.

२१/
उपचार काय? डोळ्याच्या बाजूला ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचे इंजेक्शन, कधी डोळ्याच्या आत. पापुद्रा धरला तर शस्त्रक्रिया. येथे सूज उतरवणे योग्य ठरते, कारण शत्रू आधीच नमलेला असतो. तरीही तो पुन्हा डोके वर काढणार नाही ना, यावर लक्ष ठेवावे लागते. गढूळपणा बहुधा निवळतो. पीतबिंदूची सूज मात्र हट्टी. कुणाची उतरते, कुणाची रेंगाळते. स्टेरॉइडने डोळ्यातील दाब वाढू शकतो, मोतीबिंदू लवकर येतो. आणखी एक खाच आहे : एचआयव्हीवरचे रिटोनॅव्हिर हे औषध यकृतात ट्रायमसिनोलोनचा निचरा अडवते. मग थोडेसे इंजेक्शनही शरीरभर साचून चेहरा सुजणे, साखर वाढणे असे परिणाम घडवू शकते. नेत्रतज्ज्ञाने रुग्णाच्या गोळ्यांची यादी विचारली पाहिजे, ती यासाठी.

२२/
आता पुन्हा आपल्या लोकलकडे. एआरटीचा खर्च पाश्चात्त्य देशांत वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर होता. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा संच वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी दरात, देण्याची तयारी एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संस्थेला कळवली. जगभर खळबळ उडाली. हे शक्य झाले ते १९७० च्या भारतीय पेटंट कायद्यामुळे. त्यात औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नव्हते, केवळ बनवण्याच्या पद्धतीवर मिळे. पद्धत बदला, औषध बनवा, हा मार्ग खुला होता.

२३/
१ एप्रिल २००४ रोजी भारत सरकारने मोफत एआरटी सुरू केली. आरंभी संपूर्ण देशात आठ केंद्रे; त्यांतले एक मुंबईचे जे. जे. रुग्णालय. तेथील कामाची धुरा डॉ. अलका देशपांडे यांनी वाहिली. बोरीबंदर ते ठाणे ही देशातील पहिली प्रवासी गाडी १८५३ च्या एप्रिलमध्ये धावली आणि पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोहोचले, हे आपल्याला ठाऊक आहे. दीडशे वर्षांनंतरच्या दुसऱ्या एका एप्रिलपासून त्याच रुळांवरून माणसे महिन्याची औषधे आणायला जाऊ लागली. एक दिवसाचा रोज बुडवून, आणि बहुधा घरी खरे कारण न सांगता.

२४/
तीन प्रवाशांची कल्पना करा. तिघेही काल्पनिक, त्यांचा काळ मात्र खरा. पहिला १९९० मधला डोंबिवलीकर : नजरेपुढे ठिपके आले, तोवर औषध त्याच्यासाठी नव्हतेच. दुसरा १९९९ मधला कल्याणचा : औषध होते, पण घर विकून किती महिने घेणार? तिसरा २००५ मधला ठाण्याचा : त्याला गोळ्या मोफत मिळाल्या, तो तगला, तीन महिन्यांत चालता-फिरता झाला आणि मग त्याची नजर धूसर झाली. गोळ्या सुरू करताना कोणी बाहुली मोठी करणारे थेंब घालून त्याचे दृष्टिपटल पाहिले असते, तर तो डोळा कदाचित वाचला असता. तिघांचा विषाणू एकच. फरक केवळ सालाचा.

२५/
म्हणूनच मोफत एआरटीने आपल्याकडे आयुष्य आणले, तसा तो नवा युव्हायटिसही आणला. भारतीय रुग्णांतील अशा दाहाचा पाच वर्षांचा अभ्यास शंकर नेत्रालयाच्या तज्ज्ञांनी प्रसिद्ध केला. आपल्याकडे माणसे उपचाराला येत ती फार उशिरा, सीडी-४ तळाला गेल्यावर. मोठा व्रण, उपचार न झालेला सीएमव्ही आणि वेगाने परतणारी प्रतिकारशक्ती, असा धोक्याचा त्रिवेणी संगम. क्षयाचा प्रश्न वेगळाच : एआरटीनंतर दडलेला क्षयही असाच उसळतो. तेव्हा सूज दिसली की हा केवळ बरे होण्याचा दाह आहे, असे गृहीत धरून चालत नाही.

२६/
सीएमव्हीवर तोंडाने घ्यायची परिणामकारक गोळी, व्हॅलगॅन्सायक्लोव्हिर, २००१ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. शिरेतली नळी नको, रोजची इंजेक्शने नकोत. पण २००५ मध्ये भारताचा पेटंट कायदा जागतिक व्यापार कराराप्रमाणे बदलला आणि रेणूवरही पेटंट मिळू लागले. २००७ मध्ये रोश कंपनीला या गोळीवर भारतात पेटंट मिळाले. एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या संघटनांनी त्याला विरोध केला. सिप्लाने कितीतरी कमी किमतीत आपली गोळी बाजारात आणली. प्रकरण न्यायालयांत गेले. अखेर २०१० मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने ते पेटंट रद्द केले. एका डोळ्याच्या औषधासाठी रुग्णांनी स्वतः लढून जिंकलेली ही लढाई आपल्या पाठ्यपुस्तकांत नाही. असायला हवी.

२७/
पुढे २०१३ मध्ये रोशने औषध-पेटंट समूहाशी करार करून १३८ देशांसाठी या गोळीची किंमत मोठ्या प्रमाणात उतरवली आणि २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. अमेरिकेत मान्यता मिळाल्यापासून या यादीपर्यंत चौदा वर्षे. सीएमव्ही उपचाराविना सोडला तर दृष्टिपटल दर दोन-तीन आठवड्यांनी थोडे थोडे जळत जाते. त्या मापाने चौदा वर्षे मोजून पाहा.

२८/
आज चित्र बदलले आहे. २०१७ पासून भारतात एचआयव्हीचे निदान होताच, सीडी-४ कितीही असो, उपचार सुरू करण्याचे धोरण आहे. एआरटी केंद्रांचे जाळे जिल्ह्याजिल्ह्यांत पसरले. ठाणेकराला आता प्रत्येक महिन्याला भायखळा गाठावे लागत नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्याने भेदभावाला मनाई केली आणि गोपनीयतेला संरक्षण दिले. वेळेवर उपचार सुरू झाले तर सीडी-४ तळाला जात नाही, सीएमव्ही जागा होत नाही, आणि मग त्या सुजेचा प्रश्नच उद्भवत नाही.

२९/
तरीही उशिरा येणारे आजही आहेत. भीतीपोटी, लाजेपोटी, अज्ञानापोटी. सीडी-४ १०० च्या खाली असलेल्या प्रत्येकाचे दृष्टिपटल उपचाराच्या आरंभीच, डोळ्यात थेंब घालून पाहावे, असे तज्ज्ञ सांगत आले आहेत. तक्रार नसली तरी पाहावे. कारण हा रोग तक्रार करत नाही. नजरेपुढे ठिपके, चमक किंवा पडद्यासारखी सावली आली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. आणि एआरटी सुरू झाल्यावर नजर धूसर झाली, तर घाबरून गोळ्या बंद करू नयेत. त्या गोळ्याच त्या माणसाला जगवत असतात. सूज उतरवण्याचे उपाय आहेत.

३०/
इतिहासाचा विद्यार्थी या कहाणीतून काय घेतो? एका विषाणूने एका पडद्यावर तीन वेगवेगळे काळ लिहून ठेवले. औषध नव्हते तेव्हा शांत, न दुखणारा वणवा. औषध होते पण महाग, तेव्हा तोच वणवा, निवडक घरे वगळून. औषध सर्वांना मिळाले तेव्हा प्रतिकाराची, परतलेल्या जीवनाची सूज. दृष्टिपटल पाहणारा डॉक्टर केवळ रोग पाहत नव्हता. औषध कोणाला मिळाले, केव्हा मिळाले आणि कोणाला उशिरा मिळाले, याची नोंदही त्याच्या पुढ्यात होती. ती नोंद करणारे लोक, ती बदलण्यासाठी लढलेले रुग्ण आणि भायखळ्याला उतरणारे ते अनाम प्रवासी, हे तिघेही आपल्या इतिहासाचे मानकरी आहेत.

धागा येथे संपतो. आपल्या ओळखीत कोणी उपचार नुकतेच सुरू केले असतील, तर त्यांना एवढेच विचारा : डोळे तपासून घेतले का?